लांबी

सेलूत जिनिंगच्या मागं ते बालगृह.
तिथल्या मोठ्या खोलीचं काम मला मिळालं.
अस्लमला म्हणलं, आधी खरवड, भिंत फुगलीय.
पत्री चालवत तो म्हणाला,
उस्ताद, किती रंग खाल्लेत हिनं!

मला माहीत होतं किती.

निळा, ढगांचा : ते कॅनडाचं जोडपं,
रात्री पंख्याखाली ओली चादर पांघरून झोपणारं.
त्याखाली पिवळा : मारेक. त्याला हरभऱ्याची आमटी बाधली
आणि गयाबाईनं मूठभर ओवा चावायला लावला.
त्याखाली परत पिवळा : दोघी बहिणी, नावं विसरलो,
बाजारात त्या साली दुसरा डबाच नव्हता.

ज्वारी हुरड्यात आली की आम्हाला कळायचं, आता येतील.
आठ आठवड्यांसाठी, पाठीवर घराएवढी बॅग घेऊन.
यांना काय काम द्यावं ते न सुचून
शेषेराव सर त्यांना भिंत दाखवायचे.

ब्रश धरायला आम्ही पहिल्याच साली शिकलो.
तरी दुसऱ्या साली मुंजा ब्रश उलटा धरून उभा.
तिसऱ्या साली मी.
मग ते हसायचे, वाकायचे,
मागून येऊन आमचा हात आपल्या हातात घ्यायचे,
वर, खाली, वर, खाली.
त्यांना बरं वाटायचं.
खोटं कशाला बोलू,
आम्ही त्यासाठीच उलटा धरायचो.

रंग मात्र फार वाईट मारायचे.
कडेला ओघळ, गजांवर शिंतोडे,
एका कोपऱ्यात तर जिवंत पाल रंगवलेली.
धंदा मला शिकवला मानवतच्या रहीमचाच्यानं, शिव्या घालून.

जाताना रडायचे.
सगळ्यात पहिल्या साली आम्हीही रडलो.
नंतर रिक्षा वळेपर्यंत हात हलवायचो
आणि वळली की त्यांच्या उरलेल्या साबणावरून भांडायचो.
फोटो पाठवतो म्हणायचे.
पिनकोडसकट पत्ता लिहून घ्यायचे.

तिसरा थर निघाला
आणि मी अस्लमला म्हणलं, थांब.

हिरवट चुना. त्यावर पेन्सिल.

सोल्वेग. आम्ही तिची सुलभा केली होती.
तिनं भिंत रंगवली नाही.
चांगली तर आहे, म्हणाली सरांना.
दर रविवारी आम्हाला भिंतीला पाठ टेकवून उभं करायची,
डोक्यावर पाटी आडवी धरून रेघ मारायची
आणि पुढं नाव, मराठीत, जीभ बाहेर काढून.
दैवशालाच्या दोन्ही मात्रा 'व'वर गेल्या.
ज्ञानोबा तिला जमेना. ज्ञ तीनदा खोडला,
मग माझ्या रेघेपुढं एक मुंगी काढली.

मुंगी अजून आहे. सहा पायांतले चार.
मी शेजारी उभा राहिलो तर कमरेच्या जरा वर.
रविवार आठ, रेघा आठ,
पण सगळ्या एकीवर एक, जाड झालेली एकच.
आठ आठवड्यांत कोण वाढतं?
तरी दर रविवारी वाकून म्हणायची,
बघ, वाढलास.

मुंजा कुठं असतो, ठाऊक नाही.
दैवशाला नांदेडला असते म्हणतात, खरं-खोटं तिलाच माहीत.
त्यांच्या रेघा माझ्याहून चार बोटं वर.

उस्ताद, लांबी कालवू का?
कालव, म्हणलं.
सरकारी बिल. शुक्रवारपर्यंत दोन हात व्हायला पाहिजेत.
पॉलिश पेपर हातात घेतला, खाली ठेवला,
परत घेतला.

दारात एक पोरगं उभं होतं, केव्हाचं काय की.
आता इथं बाहेरून कुणी येत नाही,
कागदपत्रं फार लागतात म्हणे.
काका, मी मारू?
कोरडा ब्रश दिला त्याच्याकडं, म्हणलं, धूळ झाड.

त्यानं ब्रश घेतला.
उलटा धरला.
आणि माझ्याकडं बघत राहिला.